समोर बसावे

परवा इथे बंगळुरूला माझ्या चष्म्याची दांडी निखळली म्हणून एका दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा घेतला, चिठ्ठी फाडून दिली आणि तासाभराने यायला सांगितलं. मी चिठ्ठी घेतली आणि तिथेच उभी राहिले. माझे डोळे आपोआप स्टूल शोधत होते. "मॅडम, एक तास लागेल," ते पुन्हा म्हणाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे बसायचं नसतं. बहुतेक सगळ्या जगात माणसं वस्तू ठेवून जातात आणि नंतर येऊन घेऊन जातात.

बसायची सवय मला लीलामावशींनी लावली.

आमची सोसायटी घणसोलीत, नव्या वसाहतीच्या सेक्टरमध्ये. रस्ता ओलांडला की घणसोली गाव. आमच्या बाल्कनीतून गावातल्या इमारतींच्या गच्च्या दिसायच्या आणि त्यांवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या. तिथे दहा वर्षं राहूनही मी गावात दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा आईबरोबर, मासळीसाठी. मुळात मी कुठेच फारशी जात नसे. घरात बसून चित्रं काढायची, मेलवर पाठवायची, मेलवरच उत्तर यायचं. कोणाशी तोंड उघडून बोलायची वेळ आठवड्यातून दोनतीनदा येई, आणि तेवढी मला पुरत असे.

चित्रं मी ड्रॉइंग टॅबलेटवर काढते. ही एक सपाट काळी पाटी असते. तिच्यावर एका खास पेनाने रेघ ओढली की ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटते. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, अलगद धरलं की बारीक. त्या पेनात शाई नसते, बॅटरीही नसते. कॉलेजात असताना घेतलेलं माझं ते पेन एका सकाळी टेबलावरून घरंगळलं आणि टोकावर आपटलं. वरून काहीच दिसत नव्हतं, साधा चरासुद्धा नाही. पण पाटीला ते पेन दिसेनासं झालं होतं.

त्या वेळी मी माझं पहिलं पुस्तक करत होते, लहान मुलांचं, चोवीस पानांचं. पंधरा पानं झाली होती आणि उरलेल्यांना आठ दिवस होते. सेक्टरमधल्या मोबाइलवाल्याने पेन कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, "ये मॉडेल बंद हो गया. पूरा सेट नया लो." नवा सेट घेणं मला तेव्हा शक्य नव्हतं. मी परत निघाले, तर शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातले काका म्हणाले, "गावात म्हात्रेबाईंना दाखव. पंख्याबिंख्यांच्या मोटारी वाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळतात, पण बारीक कामही करतात. फक्त वेळ काढून जा. त्या बसवून ठेवतात."

बसवून ठेवतात म्हणजे काय, ते विचारायचा मला संकोच वाटला.

गावातल्या एका अरुंद गल्लीत, चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे उघडणारी एक खोली होती. दाराशी तेलाच्या डब्यांत अबोलीची झाडं. दारावर पत्र्याची पाटी, तिच्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेल्या तीन ओळी:

वायंडिंग करून मिळेल.
समोर बसावे.
वस्तू ठेवून जाऊ नये.

आत ट्यूबलाइटखाली साठीच्या एक बाई बसल्या होत्या. याच म्हात्रेबाई, माझ्या पुढच्या लीलामावशी. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, केसांचा घट्ट अंबाडा आणि एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग. भिंग न काढताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय हाय?"

"पेन."

"शाईचा?"

"नाही. कॉम्प्युटरचं."

"हान, बघू."

त्यांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. "बॅटरी कुठं?"

"नसते यात."

"मंग चालतंय कशावर?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं रोज सहासहा तास जी वस्तू हातात धरत होते, ती कशावर चालते हे मी स्वतःला कधीच विचारलं नव्हतं. मावशींनी उत्तराची वाट पाहिली नाही. समोरच्या लाकडी स्टुलाकडे बोट केलं. मी बसले, तर त्यांनी माझ्या मांडीवर स्टीलचं एक ताट ठेवलं, आपण जेवायला घेतो तसलंच.

"मांडी हलवू नको. तुजा माल तुज्याकरं ऱ्हाईल."

मग पेन उघडत जो जो तुकडा निघेल तो त्या माझ्या ताटात ठेवत गेल्या. आधी टोपण, मग टोक, मग खसखशीएवढा एक स्क्रू. शेवटी आतून एक हिरवी पट्टी निघाली आणि तिच्या टोकाला काळी पोकळ कांडी. त्या कांडीवर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली होती. मावशींनी भिंग वर केलं. सगळा चेहरा उजळला.

"अगो, ही तं कॉइल! ही तं माजीच वस्तू."

त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे अनेक ठिकाणी वाचून पाहिलं, पण इतकं सोपं कोणी सांगितलेलं नव्हतं. "तुजी ती पाटी हाय ना, ती हाक मारते. ही कॉइल ओ देते. कुठून ओ आली त्यावरून पाटीला कलतं, पेन कुठं हाय. आता तार तुटली. पाटी बिचारी हाका मारते, हिला ओ देता येत नाय."

तार आत कुठेतरी तुटली होती. मावशींचं म्हणणं, जुनी पूर्ण उलगडायची, वेढे मोजायचे, आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. त्यांचे हात उलगडणार आणि मी मोजणार. मी "एक, दोन, तीन" करत अठ्ठावन्नपर्यंत गेले आणि अडखळले. घरी मराठी बोलत असलो तरी आकडे मी शाळेत इंग्रजीत शिकले होते. अठ्ठावन्ननंतर काय येतं ते आठवेना, आणि मावशींची बोटं हवेत थांबलेली.

"कंच्या शालेत होतीस?"

"इंग्लिश मीडियम."

"मंग इंग्लिशमदी मोज. तारेला दोन्ही सारखाच."

पुढचे मी इंग्रजीत मोजले. शहात्तर भरले.

नवी तार त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढली. डब्यात लहानमोठी रिळं होती, आणि प्रत्येक रिळाभोवती दुकानाची पावती गुंडाळून तिला रबर लावलेलं होतं. मला ते तेव्हा जास्तीच्या टापटिपीचं वाटलं. तार ओढताना त्यांच्या अंगठ्याकडे बघण्यासारखं होतं. अंगठा तारेला दाबत नव्हता, नुसता सोबत चालत होता. त्या अंगठ्याकडे बघताबघता माझा एक आकडा निसटला, पण थांबवायचं धाडस झालं नाही. सेव्हंटी सिक्स म्हटल्यावर मावशींनी तार कापली, दोन्ही टोकं खरवडून सोल्डरिंग केलं, सगळं पुन्हा बसवलं.

टॅबलेट आणि लॅपटॉप मी बरोबर नेला होता. पेन पाटीजवळ नेलं आणि आम्ही दोघी बघत राहिलो. पेन पाटीला टेकायच्या आधीच, बोटभर वर हवेत असताना, पडद्यावर रेघ उमटायला लागली. हात हलेल तशी ती वेडीवाकडी पळत होती.

मावशी खळखळून हसल्या. "ही तं न इचारताच बोलत सुटली!" मग भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "टर्न चुकला. मोजायला चुकलीस?"

"चुकलं असेल."

"असंल नाय. चुकलीस का नाय ते बोल."

माझे कान गरम झाले. "हो. एक चुकला."

"बेस केलंस बोललीस ते. नायतर दिवसभर मी तारेला शिव्या घातल्या असत्या."

त्यांनी पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी मी अंगठ्याकडे पाहिलं नाही. पेन पाटीला टेकेपर्यंत गप्प राहिलं, टेकल्यावर बोललं. मावशींनी ते माझ्या हातून घेतलं आणि एक लांब रेघ ओढली, हळूहळू दाबत नेलेली, मग हळूहळू सोडत आणलेली. सुरुवातीला केसासारखी, मध्ये दोरखंडाएवढी, शेवटी पुन्हा केसासारखी.

"जिवंत हाय," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी जुन्या तारेचा गुंता कागदात बांधून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मला नको, टाकून द्या. "माज्याकरं नको," त्या म्हणाल्या. आवाज वेगळा होता. मी पुडी पर्समध्ये ठेवली.

पुस्तक वेळेवर गेलं. पेन नीट चालत होतं, त्यामुळे मावशींकडे जायचं काहीच कारण नव्हतं. तरी मी पुढच्या रविवारी गेले, आणि नंतर जात राहिले. वही घेऊन स्टुलावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढायची. मावशींनी कधी कारण विचारलं नाही. काम करताना त्यांना बोललेलं चालत नसे आणि मला बोलता येत नसे. आमचं चांगलं जमलं.

आमच्या वाट्याचंही बोलणारी एक बाई गल्लीत होती. समोरच्या ओट्यावर सुनंदामावशी सुकी मासळी विकायला बसत. बोंबील, सुकट, जवळा. आवाज असा की गल्लीच्या दोन्ही टोकांना भाव कळावा. मी वळणावर दिसले की त्या ओरडायच्या, "लीले, तुजी मुकी आयली गो!"

"मुकी हाय म्हनून बसवते. तुला बसवली तं माजा टर्न चुकंल."

"कोन बसतंय तुज्या त्या कालोखात! माजी मासली कोन सुकवील?"

रोज सकाळी लीलामावशी दारातली अबोली खुडायच्या, सगळीच्या सगळी, आणि टॉवेलाच्या कोपऱ्यात घेऊन समोर देऊन यायच्या. सुनंदामावशी दोऱ्यात वेणी बांधून अंबाड्यावर माळायच्या. दुपारपर्यंत ती एका बाजूला लोंबायची. लीलामावशींच्या केसांत मात्र मी कधी एक फूल पाहिलं नाही. वाटलं, त्यांना आवडत नसेल.

मावशींचं गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. मिक्सर, पंखे, डोअरबेल, कानाची यंत्रं. माणसं आधी वैतागत, मग स्टुलावर बसत, आणि अर्ध्या तासाने भिंगातून आत डोकावून बघत. एकदा एक साहेब टेबलफॅन घेऊन आले. त्यांना घाई होती. म्हणाले, "ठेवून जातो, संध्याकाळी नेतो."

"नाय ठेवायचा."

"अहो, पंखा आहे. ऑपरेशन आहे का, नातेवाइकांनी बसायला?"

"ऑपरेशनला नातेवाईक भायेर बसतान. मी आत बसवते. बसा."

"मला ऑफिस आहे!"

"मंग ऑफिस सुटल्यावर या. पंखा घेऊन या."

ते पंखा काखेत मारून तणतणत गेले. संध्याकाळी परत आले आणि ताट मांडीवर घेऊन निमूट बसले. जाताना मावशींनी त्यांनाही जळकी तार पुडीत बांधून दिली. ते ती पुडी बघत राहिले. मला हसू आलं, मावशींना आलं नाही. "तुमचा माल हाय," त्या म्हणाल्या.

हे सगळं का, ते मला कळलं त्याला एक चित्र कारण झालं.

दुसऱ्या पुस्तकासाठी मी बाजाराचं चित्र काढत होते. त्यात पाठमोरी बसलेली एक बाई होती, अंबाड्यावर अबोलीची वेणी. मी ते मावशींना दाखवलं. त्यांनी लॅपटॉपला अगदी नाक लावून पाहिलं.

"मानूस बेस काढलास. वेनी चुकली."

"कुठे?"

"ही तू वर काढलीस, ताठ. दोऱ्याची वेनी अशी बसत नाय, लोंबते. अशी ताठ तं तारेची बसते."

"तारेची वेणी?"

मावशींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. समोरचा ओटाही रिकामा होता, सुनंदामावशी दिवाळे गावच्या बंदरावर माल आणायला गेल्या होत्या. मावशी सांगू लागल्या, हसत हसत, दुसऱ्या कोणाची गंमत सांगावी तसं.

त्या सतरा वर्षं रबाळ्याच्या एका कंपनीत कॉइल गुंडाळायच्या. बायकांची मोठी लाइन होती, त्यात गावातल्या अकराबारा जणी. दिवसभर तार ओढायची, आणि रीळ संपताना वीतभर, हातभर तुकडे खाली पडायचे. ते झाडून कचऱ्यात जायचे. एक दिवस मावशींनी त्यातले दोनचार तुकडे पिळून त्यावर अबोली बांधून पाहिली. दोरा घामाने सैल होतो, तार होत नाही. वेणी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी शेजारणीने मागितली. महिन्याभरात गावच्या सगळ्या जणींच्या डोक्यावर तारेच्या वेण्या. "लाइनमदी आमी लांबून वलखू यायचो," मावशी म्हणाल्या. "सगल्यांची मान ताठ!"

मग कंपनीत नवीन अधिकारी आले. तार कमी भरते म्हणाले. गेटवर तपासायला धातू जवळ आला की वाजणारं हातातलं यंत्र आणलं. पहिल्याच संध्याकाळी रांगेत मावशी सगळ्यांत पुढे होत्या. यंत्र पायापासून वर आलं आणि डोक्यापाशी वाजलं.

"मी बोलली, पिना असतील. बोलले, काढ. मी पिना काढल्या. अंबारा सुटला, केस सगले पाठीवर. परत फिरवला, परत वाजला. मंग वेनी काढली. टेबलावर ठेवली, नावं लिवायच्या वयीच्या बाजूला. तिच्यावर यंत्र धरला." मावशींनी यंत्राचा आवाज काढून दाखवला, बारीक, लांब. "टींऽऽ. मना हसू आलं गो. फुलं वाजतात! मी हसली. तो साहेब नाय हसला. बोलला, चोरी."

मी वहीतली पेन्सिल घट्ट धरून बसले होते.

"सगल्या गेटासमोर केस सोरून उभी होती मी. पुरुष मानसा पन होती. मना आठवतं ते तेवरंच."

"बाकीच्या?" मी विचारलं. "त्यांच्या पण वेण्या होत्या ना?"

"मी मागं बघितलं तं एकीच्या डोक्यावर नाय. कवा काढल्या, कुठं टाकल्या, देव जानं. दुसऱ्या दिवशी कोनतरी सांगत आलं, कंपाउंडच्या गटारात अबोलीच अबोली." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "मी परत गेली नाय. काढली नवती मना, पन गेली नाय."

मग समोरच्या रिकाम्या ओट्याकडे बघून म्हणाल्या, "माज्या पाठी सुनंदा होती. लगेच पाठी. तिची वेनी माज्यापेक्षा मोठी."

"त्या काहीच बोलल्या नाहीत?"

"कशी बोलंल? नवरा घरी बसलेला, तीन पोरा. मी तिच्या जागी असती तं मी पन नसती बोलली."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू केली. मावशींनी टेबलावरचं भिंग टॉवेलाने पुसलं.

"पन बोलायला पायजे होती," त्या म्हणाल्या, आणि भिंग डोळ्याला लावलं.

मी घरी येऊन चित्रातली वेणी पुसायला बसले आणि पुसली नाही. ताट, पावत्या, पुड्या, दारावरची पाटी, सगळं आता वेगळं दिसत होतं. मावशींना कोणी चोर म्हणत नव्हतं. गावात त्यांना मान होता. पण त्या दिवशी गेटवर "हिने चोरलं नाही, मी बघितलंय" असं म्हणणारं कोणी नव्हतं, आणि तेव्हापासून त्या प्रत्येक स्क्रूमागे एक साक्षीदार बसवत होत्या. मग रोज सकाळी त्या टॉवेलात फुलं घेऊन समोर का जातात, हा प्रश्न राहिला. तो मी विचारला नाही. सांगितलं असतं तरी मला कळलं असतं की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी मला बंगळुरूच्या एका स्टुडिओत नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना पेन पुन्हा पडलं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, ते या पेनाशिवाय कसं होणार? आणि त्या दिवशी मला एक तासही बसायला नव्हता. बँक, मग डॉक्टर, मग आत्या भेटायला येणार होती. अकराच्या सुमाराला मी धावत गावात गेले.

"मावशी, आज मला बसता येणार नाही. ठेवून जाते. पाचला येते."

मावशींनी पेन दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "मंग नको."

"मी उद्या जातेय. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

एवढं मनातलं मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले होते. मावशींचा चेहरा मऊ झाला, पण पेन त्यांनी घेतलं नाही.

"तुजा हाय गो बाय. तुज्या विश्वासानं काय होतंय? उद्या कोनी बोलला तं?"

"कोण बोलणार?"

मावशी पाटीवरून बोट फिरवावं तसं टेबलावरून बोट फिरवत राहिल्या. मी पेन उचलून पर्समध्ये टाकणार, तेवढ्यात दारातला उजेड अडला. सुनंदामावशी गल्ली ओलांडून आल्या होत्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, त्या सगळंच ऐकायच्या.

"मी बसते," त्या म्हणाल्या.

लीलामावशींनी वर पाहिलं. "तुजा दुकान?"

"मासली सुकलेलीच हाय. आनि काय सुकनार?"

"तुला काय कलतंय यातलं?"

"कलत नाय. दिसतंय तं खरं. दे ताट."

"हात धुतलंस?"

"धुतलं."

"परत धू."

सुनंदामावशी गल्लीतल्या नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन स्टुलावर बसल्या. लाकडी स्टूल करकरलं. लीलामावशी ताट हातात धरून उभ्या होत्या. ते मांडीवर ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

"तोंड उघरायचं नाय. नुसता मोजायचं."

"मोजते. आनि कोनी इचारलं तं सांगीन."

"काय सांगशील?"

"मी समोर होती." सुनंदामावशींचा तो गल्लीभर जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, मला जेमतेम ऐकू आलं. "सगला बघत होती."

भिंग डोळ्याला लावून लीलामावशींनी पेनाचं टोपण फिरवलं आणि ताटात ठेवलं. टण्ण आवाज झाला. मी हळूच निघाले. वळणापर्यंत मागून आकडे ऐकू येत होते, "तेरा, चौदा, पंधरा," मग जरा थांबून लीलामावशींचा आवाज, "घाई नको करू, मी कुठं पलते?" आणि परत, "सोला."

पाचला पोचायचं ते साडेपाच झाले. सुनंदामावशी आपल्या ओट्यावर जवळा पाखडत बसल्या होत्या. मला पाहून नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत, नुसती मान हलवली. त्यांचा अंबाडा त्या दिवशी रिकामा होता.

आत पेन तयार होतं. मी पाटीवर रेघ ओढली, केसासारखी, मग दोरखंडासारखी, मग पुन्हा केसासारखी. मावशींनी ती शेवटापर्यंत पाहिली.

"जिवंत हाय," मी म्हटलं.

"हाय."

मी पुडीची वाट पाहत उभी राहिले. जुन्या तारेची पुडी त्यांनी दिली नाही. ताट धुऊन भिंतीला उलटं लावून ठेवलेलं होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सोल्डरचा वास येणारा, आणि म्हणाल्या, "पेन टेबलाच्या कराला ठेवत जाऊ नको."

मग सोल्डरिंगचं बटण बंद करायला त्या मागे वळल्या. अंबाड्यावर अबोलीची वेणी होती. फुलं सकाळची, पाकळ्या जराशा मिटायला लागलेल्या. दोऱ्याची वेणी एव्हाना लोंबली असती. ही जिथे बसवली होती तिथे, ताठ बसली होती.